जेवणाच्या वेळी दार उघडले जाण्याची संभाव्यता

न्यायाच्या कामात सत्याची लुडबूड होऊ न देणे, हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण मानले पाहिजे. काही देशांत अजूनही न्यायाधीश 'नेमके घडले काय?' असा प्रश्न विचारत बसतात. त्यात वेळ जातो, डोके दुखते आणि पुष्कळदा उत्तरही मिळते. आमच्या ओस्टरवाउडेच्या न्यायालयात मी बरीच वर्षे न्यायलेखक आहे (म्हणजे न्यायाधीश जे ठरवतात, ते कायद्यानेच ठरवल्यासारखे दिसेल अशा भाषेत लिहून काढतो). आश्रयाच्या प्रकरणांत तरी ही चूक आम्ही कधी होऊ दिली नाही.

पद्धत सोपी आहे. परक्या देशातून एखादा माणूस हॉलंडमध्ये येतो आणि सांगतो, की मला तिकडे धरले, हालहाल केले, परत पाठवलेत तर पुन्हा करतील, तेव्हा मला इथे राहू द्या. त्याचे हे म्हणणे विश्वासार्हता विभागाकडे जाते. विभागातले अधिकारी सज्जन आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही आयुष्यात कधी कोणी धरून मारलेले नाही, त्यामुळे या विषयाकडे ते अत्यंत तटस्थपणे पाहू शकतात.

अर्जदाराने तपशील कमी सांगितले, तर कथन मोघम ठरते. जास्त सांगितले, तर पाठ केलेले. सांगताना रडला, तर तो प्रभाव पाडू पाहतो. नाही रडला, तर घटनेशी त्याचे भावनिक नाते आढळून येत नाही. दोन मुलाखतींत फरक पडला तर विसंगती, आणि दोन्हींत शब्दन् शब्द तोच आला तर मग विचारायलाच नको. विभागाच्या वार्षिक अहवालानुसार (छपाई फार सुरेख असते) निम्मे अर्जदार फार कमी बोलतात, निम्मे फार जास्त बोलतात आणि उरलेले योग्य तेवढे बोलतात, जे संशयास्पद आहे.

विभागाने अविश्वास दाखवला, की अर्जदार आमच्याकडे येतो. त्याची समजूत असते की आता कोणीतरी आपले खरे मानील. वकील त्याला समजावतात, पण ते त्याच्या डोक्यात शिरत नाही. न्यायालय त्याच्यावर विश्वास ठेवायला बसलेलेच नाही. अविश्वास ठेवायलाही नाही. अधिकाऱ्याला अविश्वास वाटला, तो कोणा समंजस अधिकाऱ्याला वाटू शकतो का, एवढेच आम्ही बघतो. सूप खारट झाले अशी तक्रार आली, तर आम्ही सूप चाखत नाही. आचाऱ्याला जीभ होती का, याची खात्री करतो आणि वाडगा परत पाठवतो.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे बाबिकर अल-तोम याचे प्रकरण. आमच्या कार्यपद्धतीचा इतका निर्दोष नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

बाबिकर हा सुदानमधल्या अल-ओबेद गावचा बसचालक. गावात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, आणि याने रस्त्यात पडलेली चार-दोन पोरे उचलून बसमध्ये घातली आणि दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी त्याला उचलले. ती पोरे कोण, कुठली, हे त्याने सांगावे म्हणून त्याच्या तळपायांवर केबलने मारले. त्याला नावे ठाऊक नव्हती, त्यामुळे मारणे बरेच लांबले. (विभागाचा अभिप्राय: 'तिकीट नसलेल्या प्रवाशांना बसमध्ये घेणे हे अर्जदाराच्या नोकरीच्या नियमांशी विसंगत आहे.')

त्याचे पाय डॉक्टरांनी तपासले. त्यांनी लिहिले, की असे व्रण असल्याच माराने होतात, दुसरे कारण सुचत नाही. विभागाने अहवालाबद्दल डॉक्टरांचे आभार मानले आणि दाखवून दिले, की कथनच विश्वसनीय नसल्यामुळे व्रण दुसऱ्या कशाने तरी झालेले असणार. कशाने, ते शोधणे विभागाच्या कक्षेत येत नाही. थोडक्यात, पाय खरे आणि गोष्ट खोटी. अशी बारकाईची विभागणी येरागबाळ्याचे काम नव्हे.

तरीही एवढ्यावर विभागाचा नकार टिकला नसता. आमच्या न्यायाधीश ब्रुइन्समाबाई पायांच्या बाबतीत हळव्या आहेत. नकार टिकला तो जेवणामुळे.

झाले असे, की एका संध्याकाळी कैद्यांना दुसऱ्या इमारतीत नेताना गाडीचे चाक पंक्चर झाले. पहारेकरी चाकाशी झटत असताना बाबिकर सटकला. सुजलेल्या पायांनी गल्लीबोळांतून पळत त्याने दिसेल ते पहिले दार ठोठावले. ते घर हज्जा सित्ताना नावाच्या म्हाताऱ्या बाईचे. तिचे कुटुंब नुकतेच जेवायला बसले होते. त्यांनी याला आत घेतले, जेवू घातले आणि पाय बरे होईपर्यंत आठवडेच्या आठवडे घरात लपवले. नंतर तिच्या भाच्याने त्याला कांद्याच्या ट्रकमधून सीमेकडे नेले.

विश्वासार्हता विभागातल्या अधिकाऱ्याने इथे पेन खाली ठेवले असावे. त्याचे निरीक्षण मी मुळातूनच देतो: 'अर्जदाराशी कोणतीही पूर्वओळख नसलेले कुटुंब, ऐन जेवणाच्या वेळी, आधी वेळ ठरवलेली नसताना दार उघडते व अर्जदारास भोजनात सामावून घेते, हे संभाव्य वाटत नाही.'

यात चुकीचे काय आहे? आमच्याकडे सहाला जेवण असते. बटाटे डोईला दोन या हिशेबाने शिजतात. मुलांचे मित्र खेळायला आलेले असले, तर पावणेसहाला त्यांना घरी धाडतात; कोणाची आई न्यायला उशिरा आली, तर ते पोर सोफ्यावर चित्रांचे पुस्तक बघत बसते आणि घरचे जेवतात. यात कोणाचा अपमान होत नाही. माझी सख्खी बहीण तीन गल्ल्या पलीकडे राहते. ती डायरीत वेळ लिहून कॉफीला येते, तिला एक बिस्किट मिळते, आणि डब्याचे झाकण बंद होते. एकमेकांच्या अंगावर न पडता जगण्याची ही कला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केली आहे. तिच्या चौकटीत सित्तानाबाई कुठेच बसत नव्हत्या.

बाबिकरच्या वकील लोमानबाईंनी खटपट करून सित्तानाबाईंचे लेखी निवेदन मागवले होते. विभागाने तेही विचारात घेतले. 'जी व्यक्ती कोणतीही चौकशी न करता अनोळखी इसमास घरात घेते, तिच्या सारासारबुद्धीवर विसंबणे कठीण आहे.'

सुनावणी सकाळी होती. विभागातर्फे तेउनिसन आले होते. गृहस्थ अत्यंत सभ्य. कोर्टात शिरताना बूट पुसतात. बाबिकर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तीन वर्षे निर्वासितांच्या केंद्रात राहून तो आमची भाषा चांगली बोलू लागला होता. दुभाष्या नुसताच शेजारी बसून होता आणि त्याचा मेहनताना चालू होता.

"दार वाजवल्यावर आतल्यांनी काय विचारलं?" ब्रुइन्समाबाईंनी सुरुवात केली.

"ये म्हणाले."

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी मी दार वाजवलं."

"तसं नाही हो. तुम्ही कोण, कुठून आलात, कशासाठी आलात, काहीच विचारलं नाही?"

"विचारलं की. हात धुतलेस का, म्हणून विचारलं."

तेउनिसनांनी हे टिपून घेतले.

"आणि नाव?"

"नाव जेवण झाल्यावर. उपाशी माणसाला नाव विचारलं तर तो खोटं सांगतो, असं हज्जा म्हणायची."

"जेवायला काय होतं?"

"ज्वारीच्या पिठाचा गोळा आणि सुक्या भेंडीचं कालवण. मधे एक मोठी परात, आणि सगळे भोवती."

"सगळे म्हणजे किती जण?"

"होते तेवढे."

"आकडा सांगा ना."

बाबिकर थोडा संकोचला. "बाई, परातीभोवतीची माणसं मोजत नाहीत. मोजली की शेवटच्याला वाटतं, आपण जास्त झालो."

"बरं, स्वयंपाक किती जणांचा केला होता?" तेउनिसनांनी मधेच, पण नम्रपणे विचारले.

"केला होता तेवढा."

"मोघम," तेउनिसन न्यायाधीशबाईंकडे बघून हळूच म्हणाले. सुज्ञास अधिक सांगायला नको, असा तो सूर होता.

लोमानबाई उठल्या. तरुण आहेत, लवकर तापतात. "अहो तेउनिसन, सुदानच्या चालीरीतींचा अभ्यास केलेल्या प्राध्यापकांचं मत आम्ही जोडलंय. त्या भागात दारात आलेल्याला जेवू घालतातच. सगळ्या जगाला माहीत आहे!"

"सर्वसाधारण प्रथा असेल. पण त्या विशिष्ट संध्याकाळी, त्या विशिष्ट कुटुंबानं ती पाळली, हे प्राध्यापकांनी पाहिलेलं नाही."

"तुमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता कोणी आलं तर तुम्ही काय करता?"

"माझ्याकडे सहा वाजता कोणी येत नाही."

"का येत नाही?"

"सहा वाजलेले असतात म्हणून."

लोमानबाई मटकन खाली बसल्या. मला विचाराल तर हा युक्तिवाद बिनतोड होता.

शेवटी रिवाजाप्रमाणे ब्रुइन्समाबाईंनी बाबिकरला विचारले, की तुम्हाला काही सांगायचे आहे का. बहुतेक अर्जदार इथे रडतात किंवा देवाचे नाव घेतात. दोन्हींचा उपयोग नसतो. बाबिकरने दोन्हींपैकी काहीच केले नाही.

"तेउनिसनसाहेबांवर माझा राग नाही," तो म्हणाला. "खरंच नाही. केंद्रात एक आजी आम्हाला भाषा शिकवायला येतात. फार माया त्यांची. मी नवीन होतो, एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं ते बिचाऱ्या पांढऱ्याफटक. म्हणाल्या, काय झालं? कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, सहज आलो. मग त्यांनी डायरी आणली आणि पुढच्या महिन्यातली वेळ दिली. मी त्या वेळेला गेलो. केक केला होता त्यांनी. चांगली माणसं आहात तुम्ही. पण इथं मला आता तीन वर्षं झाली. परवा केंद्रात माझ्याच खोलीचं दार कोणी तरी वाजवलं, तर मी आधी घड्याळ बघितलं. आणि हज्जाचं घर आठवलं की, काय सांगू, मलाच आता खोटं वाटायला लागतं. म्हणतो, असं कुठं असतं का? कोणी असं करतं का?"

दुभाष्या तेवढा डोळे पुसत होता. त्याचे त्याला पैसे मिळत नाहीत.

तेउनिसन उभे राहिले. त्यांच्या आवाजात विजय वगैरे नव्हता, खेदच होता. "न्यायाधीशबाई, नोंद व्हावी. अर्जदाराला स्वतःचंच कथन खोटं वाटतं."

मी नोंद केली. हे वाक्य बाबिकर आमच्याच भाषेत बोलला होता, त्यामुळे दुभाष्यावर ढकलायचीही सोय उरली नव्हती.

दुपारी न्यायाधीशांच्या खोलीत आम्ही आपापले डबे उघडले. ब्रुइन्समाबाई चीज-पाव घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली पार्किंगमध्ये बाबिकर लोमानबाईंची सायकल धरून उभा होता, आणि त्या पर्समध्ये कुलपाची किल्ली शोधत होत्या.

"वाउटर, तो माणूस खरं बोलतोय," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"जेवण झाल्यावर नाव विचारलं, हे कोणाला सुचतं का मनानं रचायला?"

"नाही सुचत."

"मग?"

"मग काही नाही. तो खरं बोलतोय का, असं आपल्याला कोणी विचारलेलं नाही."

बाईंनी अर्धा पाव परत डब्यात ठेवला. त्यांना वाईट वाटले. मलाही वाटले, आणि ते मी लपवत नाही; पण निकालाच्या नमुन्यात वाईट वाटण्यासाठी जागा ठेवलेली नाही, आणि ते योग्यच आहे. नाही तर निकाल किती लांबले असते!

निकाल मी लिहिला. मधला परिच्छेद चांगला उतरला आहे, असे बाईसुद्धा म्हणाल्या: 'अर्जदाराच्या कथनातील अनोळखी कुटुंबाच्या वर्तनाबाबत अधिकाऱ्यास शंका आली. ही शंका अवाजवी म्हणता येणार नाही, कारण ती प्रत्यक्ष अर्जदारासही आली आहे. जे अर्जदाराला स्वतःला अविश्वसनीय वाटते, त्यावर अधिकाऱ्याने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा वाजवी नव्हे.' अपील फेटाळण्यात आले. बाबिकरने देश सोडावा असे ठरले. मारणारे तिकडे अजून त्याच खुर्च्यांवर होते, पण ते या प्रकरणात पक्षकार नव्हते.

इथे हे प्रकरण संपायला हवे होते. मात्र त्याला एक छोटीशी पुरवणी आहे आणि ती आमच्या निकालाला बळकटीच देते.

निर्वासित केंद्राकडून स्टेशनकडे जाणारा रस्ता माझ्या घरावरून जातो. आम्ही पडदे ओढत नाही. आमच्या गावात कोणीच ओढत नाही. सरळमार्गी माणसाला लपवायचे काय असते? दिवा लावून आम्ही जेवतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या ताटातली भाजीसुद्धा दिसते. त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको हानेके जेवायला बसलो होतो. प्रत्येकी दोन बटाटे, चिकोरीची भाजी, एक-एक सॉसेज. बाहेर एक माणूस पिशवी घेऊन थांबला. त्याने काचेतून पाहिले. मी पाहिले. दोघांनी एकमेकांना ओळखले, आणि त्याने बेल वाजवली.

"आत्ता?" हानेके म्हणाली. तिचा काटा हवेतच राहिला.

मी दार उघडले. (हे लक्षात घ्यावे. साखळी लावून, पण उघडले.)

"आम्ही जेवतोय," मी म्हणालो.

"दिसतंय की," बाबिकर म्हणाला. "बघूनच बेल वाजवली."

"काही काम होतं का?"

"काम नाही. उद्या सकाळी मला पाठवतायत. आज रात्री विमानतळाजवळच्या केंद्रात हजर व्हायचंय. गाडीला अजून वेळ आहे."

स्टेशनवर चांगला प्रतीक्षा कक्ष आहे, कॉफीचे यंत्रही आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

"कोण आहे रे?" आतून हानेकेने विचारले.

"ऑफिसचं!" मी म्हणालो, आणि ते खोटे नव्हते.

बाबिकर हसला. कुत्सितपणे नव्हे, शाळेत गणित सुटल्यावर हसतात तसा. "साहेब, मी जेवायला नाही आलो. मला फक्त एकदा बघायचं होतं, विभागाचं बरोबर होतं का."

"मग?"

"बरोबर होतं," तो म्हणाला. "जेवा तुम्ही. गार होईल." आणि पिशवी उचलून तो स्टेशनच्या दिशेने गेला. जरासा लंगडत होता, पण ते कशाने, हे सांगता येत नाही.

बटाटे गार झालेच होते. हानेके म्हणाली, एखादा जास्त टाकला असता तरी चाललं असतं की रे. पण असे आपण नंतर म्हणतो.

तीन महिन्यांनी लोमानबाईंचे पत्र आले. खार्तूमच्या विमानतळावर दोघांनी बाबिकरला बाजूला घेतले, त्यानंतर त्याचा पत्ता नाही. विभागाने त्यांना उत्तर पाठवले, त्याची प्रत माझ्याकडे आहे: 'परत गेल्यानंतर छळ झाल्याबाबत श्री. अल-तोम यांच्याकडून कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.' सित्तानाबाईंनीही कोणाकडून तरी निरोप धाडला होता, की पोरगा जेवला का, एवढे कळवा. त्याला उत्तर द्यावे असा नियम नाही.

आता तुमच्याबद्दल.

हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, की काय ही माणसे! आमच्याकडे असे नसते. मी असतो तर दार उघडले असते, 'या, बसा चार घास' म्हणालो असतो. आपले हे म्हणणे नोंदवून घेण्यात आले आहे. पडताळणीसाठी कृपया कळवावे: आपण याआधी अनोळखी माणसाला ऐन जेवणाच्या वेळी घरात घेऊन पानावर केव्हा बसवलेत? पाहुण्यांनी आणलेला पाहुणा धरता येणार नाही. कुरिअरवाल्याला दिलेले पाणी हे जेवण नव्हे. ज्याचे आडनाव ऐकून तुम्हाला बरे वाटले, तो अनोळखी नव्हे. दाराच्या भिंगातून आधी पाहिलेत का, आणि पाहून टीव्हीचा आवाज कमी केलात का, तेही लिहावे. तपशील कमी दिलेत तर उत्तर मोघम ठरेल आणि जास्त दिलेत तर रचलेले.

निकाल विरुद्ध गेला, तर आमच्याकडे अपील करता येते. मीच ते लिहून घेईन. तुम्ही दार उघडले असते की नाही, हे न्यायालय बघणार नाही. तुम्ही ते उघडले नसते, असे एखाद्या समंजस माणसाला वाटू शकते का, एवढेच बघेल. त्यासाठी सुदानहून साक्षीदार मागवायची गरज नाही, तुमच्या शेजाऱ्यांना विचारले तरी पुरे.